दोन मांजरी आणि एक थाळा

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि माणसांना घाई नव्हती. अशाच एका नदीकाठच्या गावात सगळ्यांचं बियाणं एकाच घरी ठेवायची रीत होती. ते घर होतं सोनाक्काचं. सुगी संपली की जो तो आपलं निवडक ज्वारीचं बी तिच्या कणगीत आणून ओती, आणि पेरणीच्या तोंडावर घेऊन जाई.

कणगीची राखण भुरी करायची. भुरी म्हणजे सोनाक्काची जुनी मांजर. नऊ वर्षांत तिनं एकाही उंदराला कणगीपाशी फिरकू दिलं नव्हतं. पण आता ती थकली होती. म्हणून सोनाक्कानं आणखी एक तरणी मांजर आणली. तिच्या पांढऱ्या कपाळावर काळा ठिपका होता, म्हणून तिचं नाव टिकली.

सोनाक्का मनानं फार चांगली. पण चांगल्या माणसांना एक खोड असते. आपल्याला जे गोड लागतं, ते जगालाही गोड लागतं असं त्यांना वाटतं. सोनाक्का माहेरी चार बहिणींबरोबर एका ताटात जेवून मोठी झाली होती. तिनं दोघींसाठी एकच थाळा मांडला, एकच गोणपाट अंथरलं आणि म्हणाली, "बसा गं पोरींनो. गोडीगुलाबीनं राहा."

भुरीनं टिकलीच्या थोबाडीत एक ठेवून दिली.

सोनाक्का रागावली. तिनं दोघींना धरून थाळ्यापाशी आणखी जवळ बसवलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. भुरी उंबऱ्यावर आडवी बसून राही आणि टिकलीला आत येऊ देत नसे. टिकली संधी मिळताच झडप घाली. दोघींची नाकं ओरबाडून निघाली. राखण राहिली बाजूला आणि उंदरांचं चांगलंच फावलं. एके सकाळी कणगीच्या बुडाला भोक पडलेलं दिसलं आणि जमिनीवर ज्वारी सांडलेली.

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. पाटील धावत आले.

"सोनाक्का, बी गेलं तर पेरायचं काय? ही तुमची म्हातारी मांजर खाष्ट झालीय. तिला नदीपार सोडून या."

भुरीला सोडायचं सोनाक्काच्या मनात नव्हतं. पण गावाच्या बियाण्यापुढं ती काय बोलणार? तिनं भुरीला टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं आणि नावेत जाऊन बसली. नाव नदीच्या मध्यावर आली, तेव्हा टोपलीतून आवाज आला.

"आक्का, जायचं तर जाते मी. पण एक विचारू?"

आता तुम्ही म्हणाल, मांजर कुठं बोलतं का? अहो, टोपलीत कोंडून घराबाहेर काढलं तर मुकासुद्धा बोलेल.

"विचार," सोनाक्का डोळे पुसत म्हणाली.

"आम्हा दोघींना एका थाळ्यात कशाला बसवत होतीस?"

"प्रेम वाढावं म्हणून गं."

"तुमचं वाढत असेल. आम्ही पंगतीला बसणाऱ्या नव्हे. एकटीनं शिकार करायची, एकटीनं खायची. तोंड थाळ्यात आणि दुसरीची नखं कानापाशी, असा घास गिळवतो का?"

"मग उंबऱ्यावर का अडून बसत होतीस?"

"घराला वाट एकच. तिथं बसलं की मागून कुणी येत नाही. आणि त्या पोरीला पळायला दुसरी जागा नाही, म्हणून ती आधीच झडप घालते. ती वाईट नाही, आक्का. घाबरलीय ती. मीही घाबरलेय."

सोनाक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्या जिवावर गाव नऊ वर्षं निर्धास्त होतं, तिलाही भीती वाटत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दादा, नाव फिरवा," ती नावाड्याला म्हणाली.

"अहो, पैलतीर आलाच की!"

"येऊ द्या. फिरवा म्हणते ना!"

घरी येऊन तिनं थाळा उचलून ठेवला. एक वाडगं चुलीपाशी ठेवलं, दुसरं जात्याच्या पलीकडं, एकीला दुसरी दिसणार नाही असं. गोणपाट भुरीला दिलं आणि टिकलीसाठी माळ्यावर जुनं लुगडं टाकलं. परसदाराशी गोवऱ्या रचून ती वाट बंद झाली होती. सगळ्या गोवऱ्या हलवून तिनं दार मोकळं केलं. मग हात धुऊन ती स्वस्थ बसली. तिला हेच सगळ्यात जड गेलं.

आठ दिवस कुणी कुणाकडं पाहिलं नाही. मग फिस्कारणं थांबलं. पुढं भुरी कणगीच्या बुडाशी बसू लागली आणि टिकली वरच्या वाशांवरून नजर ठेवू लागली. हे काम त्यांना कुणी वाटून दिलं नव्हतं. उंदीर पुन्हा दिसला नाही.

पेरणीच्या दिवसांत कणगी उघडली. बी टपोरं आणि निरोगी निघालं. घरोघरचे लोक पोती भरून हसत गेले. पाटील मागं रेंगाळले.

"काय सोनाक्का, जमली का दोघींची गट्टी?"

"गट्टी कसली! कणगीपाशीच निजतात, पण एकमेकींकडं पाठ करून."

"मग भांडण मिटलं कुठं?"

"मिटलं तर, पाटील," सोनाक्का समाधानानं म्हणाली. "जिचं भय वाटतं, तिच्याकडं पाठ करून झोप लागते होय?"

बोध: जवळ बसवून जवळीक होत नाही, मनातलं भय गेलं की ती आपसूक होते.