चुलीपाशी ठेवलेल्या बिया

फार पूर्वी, बर्फाळ डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक आई राहायची. स्वस्थ बसणं म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नव्हतं. भाकरी तव्यावर टाकली की लगेच तिची कड उचलून बघायची. दूध तापत ठेवलं की त्याच्यावर डोळे लावून उभी राहायची. सासू हसून म्हणायची, "अगं, तू बघतेस म्हणून ते लवकर तापणार आहे का?"

पण या घालमेलीमागे एक दुःख होतं. तिचं पहिलं बाळ हिवाळ्यात थंडी बाधून गेलं होतं. मग लेक झाली, आणि आईने ठरवून टाकलं, की हिला गार वारंसुद्धा लागू द्यायचं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशातली गत. पहिला बर्फ पडला की दाराला कडी लागायची. लेक खिडकीपाशी बसून बाहेर खेळणारी पोरं बघत राहायची. वर्षागणिक ती फिकट होत चालली होती. कुणी आत येताना दार उघडलं, तरी तेवढ्या झुळकीने तिला खोकला यायचा. खोकला ऐकला की आई चुलीत आणखी एक लाकूड सारायची.

त्या गावाची एक रीत होती. हिवाळ्यात जे काही लहान, नाजूक असेल, ते चुलीपाशी ठेवायचं. नवं कोकरू चुलीपाशी, अंड्यांवर बसलेली कोंबडी चुलीपाशी, विरजणसुद्धा चुलीपाशी. रीत काही वाईट नव्हती. तिच्यामुळे कितीतरी कोकरं जगली होती.

एकदा हिवाळ्याच्या तोंडावर बाबा खालच्या दरीतल्या बाजारातून सफरचंदं घेऊन आले. लेकीने सफरचंद पहिल्यांदाच खाल्लं. बिया तळहातावर घेऊन तिने विचारलं, "बाबा, हे झाड आपल्याकडे का नाही?"

"दरीतली रोपं आणून लावली होती गं लोकांनी," बाबा म्हणाले. "पहिल्याच हिवाळ्यात वाळून गेली. इथल्याच मातीत बी रुजलं, तर काही सांगता येत नाही."

"मग रुजवू या की! माझ्या खिडकीसमोर!"

लेक आजवर एकच गोष्ट मागत आली होती, मला बाहेर जाऊ दे. ते तर आईला देता येत नव्हतं. म्हणून ही मागणी तिने दोन्ही हातांनी उचलून धरली. मडक्यात माती भरली, बिया पेरल्या आणि रीतीप्रमाणे मडकं चुलीपाशी ठेवलं.

आणि मग तिच्या जिवाला चैन पडेना. सकाळी बोटाने माती उकरून बघायची, दुपारी उकरून बघायची, दिवा लावताना पुन्हा बघायची.

"बी आहे की चोर आहे?" सासू म्हणाली. "सारखी झडती कशाला घेतेस त्याची?"

बी काही उगवलं नाही. हिवाळा ऐन भरात आला तरी मडक्यात हिरवा ठिपका दिसेना. एका सकाळी आईचा धीर सुटला. तिने दार उघडलं, खिडकीसमोरच्या बर्फात मडकं पालथं केलं आणि ओरडली, "जा, मरा एकदाच्या!" मग आत येऊन मडकं पोटाशी धरून ती रडत बसली. तिला त्या बियांसाठी रडू येत नव्हतं, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं.

बर्फ वितळला. एके दिवशी लेक खिडकीतून किंचाळलीच. "आई, अगं लवकर ये! उगवलंय!"

खरंच, फेकलेल्या मातीतून इवले इवले कोंब वर आले होते. सासूने वाकून बघितलं. "चुलीची ऊब दिली तेव्हा ढिम्म हललं नाही, आणि गारठा लागला तशी जाग आली! भलतंच अडेल बी आहे हो."

आईला आनंद इतका झाला होता, की सासूचं बोलणं तिच्या कानाआडच गेलं.

उन्हाळाभर लेकीने रोपांना पाणी घातलं. रोपं वीतभर झाली. पण थंडी सुरू झाली तशी पानं पिवळी पडून गळायला लागली, आणि आईचा जीव पुन्हा टांगणीला लागला. "आता मात्र मी यांना मरू देणार नाही," म्हणत तिने रोपं मातीसकट काढली आणि चुलीपाशी आणून ठेवली. शेवटची दोन काढायला ती निघाली, तेव्हा लेकीने तिचा पदर धरला.

"सगळी आत आणलीस, तर मी खिडकीतून काय बघू?"

ती दोन रोपं आईने नाइलाजाने बाहेरच ठेवली.

त्या हिवाळ्यात तिचा एक डोळा चुलीकडे, तर एक खिडकीकडे. बर्फाने बाहेरची रोपं झाकली, तशी ती झाडू घेऊन धावली. सासूने तिचा हात धरला. "बर्फाखाली माती तितकी गोठत नाही. तू बर्फ झाडलास तर उघड्या वाऱ्यानेच मरतील बिचारी. बस जरा."

चुलीपाशी मात्र कौतुक चाललं होतं. तिथल्या रोपांची पानं हिरवी होती, दांडे लांबसडक वाढले होते. शेजारणी येऊन म्हणायच्या, "काय बाई तुझा हात!" आई सुखावायची.

बर्फ ओसरला, ऊन पडलं, आणि आईने ती गुबगुबीत रोपं थाटात अंगणात लावली. दुसऱ्या दिवशी पहाटे उतरत्या हिवाळ्याचं दहिवर एकदाच पडून गोठलं. सकाळी आई बघते तो सगळी रोपं काळी पडून लोळलेली. उचलायला गेली तर पान हातात आलं.

बाहेर राहिलेल्या दोन रोपांपैकी एकाची साल सशाने कुरतडून संपवली होती. दुसरं म्हणजे नुसती वाळकी काडी. आईने ती नखाने जराशी खरवडली. आत हिरवं होतं. शेंड्याला कोंबाचा एक बारकासा डोळा फुगला होता.

"मी यांना काय कमी केलं होतं?" मेलेली रोपं ओंजळीत घेऊन आईने विचारलं.

"कमी नाही गं केलंस," सासू हळूच म्हणाली.

आईने मान वर केली. खिडकीत लेक उभी होती. रोपांचे दांडे होते तशीच बारीक मान, तसाच फिकट रंग. एक बाळ थंडीने नेलं होतं, आणि दुसरं आपण थंडीच्या धाकाने घालवत चाललोय, हे आईला त्या क्षणी लख्ख दिसलं.

"पण मग काय तिला उघड्यावर टाकू?" ती रडत म्हणाली.

"उघड्यावर टाक असं कोण म्हणतंय? लोकरीचं घाल अंगात, पोटात गरम काही जाऊ दे, आणि सोड. परत आली की चूल आहेच."

तो सगळा उन्हाळा आई लेकीला घेऊन डोंगर चढली. पानगळ सुरू झाली तरी गार सकाळी तिला अंगणात नेत राहिली. पण खरी परीक्षा पहिला बर्फ पडला त्या दिवशी होती. बाहेर पोरं ओरडत होती. आईचा हात सवयीने कडीकडे गेला. लेक बघत होती. या वेळी तिने काही मागितलंसुद्धा नाही.

आईने लेकीला लोकरीचा अंगरखा घातला, कानटोपी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग दार उघडलं.

लेक दोन पावलं गेली आणि खोकली. आणखी थोडी गेली आणि तोंडावर आपटली. आई उंबऱ्यापर्यंत धावली. तिथे तिने चौकट घट्ट धरली आणि पाय रोवून उभी राहिली. आयुष्यात कधी केलं नव्हतं इतकं अवघड काम ती त्या वेळी करत होती.

लेक उठली. नाकाला बर्फ, डोळ्यांत पाणी, आणि ती हसत होती.

सफरचंदाला फळ धरायला पुढे पुष्कळ वर्षं गेली. फळं आली ती दरीतल्यासारखी गोड नव्हती. लहान, टणक आणि आंबट होती, पण तो हिवाळा सोसून उभ्या राहिलेल्या झाडाची होती. फळं उतरवली, त्या दिवशी लेक घरी नव्हती. मेंढरांचा कळप घेऊन ती खिंडीपलीकडे गेली होती, आणि खिंडीवर बर्फ पडायला लागला होता. आई दारात उभी राहून एक आंबट फोड चघळत होती. घालमेल तिची काही गेली नव्हती. पण तिने कुणाला लेकीमागे धाडलं नाही, आणि दारालाही कडी घातली नाही.

तात्पर्य: ज्या थंडीत जन्म काढायचा, तिची ओळख मायेनेच करून द्यावी. ऊब जरूर द्यावी, पण दार लावून घेऊ नये.