आग्या माशी आणि कोशाचा पतंग

“मग आग्या माशीच्या पंक्तीला त्या कोशाच्या पतंगाला बसवलंत ते कशाला, बाबा?”

विश्वंभराचा आवाज मठाच्या ओसरीवर घुमला. ऐनाच्या एकाच झाडावर आपले दोन गुरू राहतात, माशी आणि पतंग, असं धनोजीबाबा सकाळी सांगून बसले होते. ते या पट्टशिष्याला पटलं नव्हतं. तो काशीला शिकून आला होता आणि ही गोष्ट तो गावाला विसरू देत नसे.

त्यानं दोघांना तागडीतच घातलं. माशी फुलाला न दुखवता रस घेते. तिच्या मधावाचून देवाचं पंचामृत होत नाही. पतंग अळी असताना पाला ओरबाडतो, मग कोशात झोपा काढतो. बाहेर येतो तेव्हा त्याला खायला तोंडसुद्धा नसतं. थोडे दिवस फडफडतो नि मरतो.

“माशी देते. पतंग काय देतो?”

बाबा अंगणाकडे बघत होते. तिथं उन्हात सकवारबाई उभी होती. रानात कोशाच्या अळ्या पाळायच्या, घरी कोशांचा रेशमी धागा काढायचा, यावर या म्हातारीचं पोट. नातू तापानं फणफणला होता, म्हणून ती तीर्थ मागायला आली होती. विश्वंभरानं तिला लांबूनच थांबवलं होतं.

“ही अजून उभीच?”

“मी सोवळ्यात आहे, बाबा. नैवेद्य व्हायचाय. ती शिवली तर पुन्हा आंघोळ आली.”

“सोवळं कशाचं नेसलायस?”

“कोशाचं.”

“धागा कसा काढतात?”

“कोष उकळून...”

“आत कोण असतं?”

विश्वंभरानं अंगणाकडे पाहिलं. म्हातारीची बोटं उकळत्या पाण्यानं सोलवटलेली होती. रोज दारावरून जाणाऱ्या बाईचे हात त्याला आज दिसले. त्याची कानशिलं तापली. इतकी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

“हे फेडून येतो, बाबा,” तो कसाबसा म्हणाला. “हे नेसून तिच्यापुढं कोणत्या तोंडानं जाऊ?”

“नेसूनच जा. तीर्थ देताना तिच्या हाताला हात लागू दे... मग होईल ते सोवळं.”