कधीच न बिघडणारं सोलर

कऱ्हाडच्या नेर्लेकर सरांना गच्चीवर सोलर आणि दारात गाडीचा चार्जर बसवायचा होता. पण काम द्यायचं कुणाला, हे काही त्यांचं ठरत नव्हतं. माणूस चुकीचा निघाला, तर स्लॅबला पाडलेली भोकं काही परत बुजत नाहीत.

अखेर गावातले नावाजलेले कंत्राटदार देवकुळे स्वतः आले. चहाचा घोट घेत म्हणाले, "सर, शंका काढत बसू नका. आम्ही बसवलेलं आजवर एकदाही बिघडलेलं नाही. करा सही."

सरांनी पेन उघडलं आणि ते चाचरत म्हणाले, "माझंच चुकत असेल, पण मग तुमच्याकडे दुरुस्ती कुणालाच येत नसणार. शिकायला संधीच कुठे मिळाली? आमचंच पहिलं बिघडलं, तर कसं हो?"

देवकुळे गडबडले. "छे, दुरुस्तीत आमचा हात कोण धरणार? आमची माणसं रोज कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर असतात. आत्तासुद्धा तिकडंच गेलीत."

"अस्सं," म्हणत सरांनी पेन खिशाला लावलं. "मग त्या सगळ्या गच्च्या उरकल्या की या. आम्हाला घाई नाही."