पंखाचा पीळ

"सगळं बरोबर आहे म्हणता, तर मग ते पडतं का?"

हर्डीकर साहेबांनी त्या दुपारी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

रहिमानचाचा स्टोव्हला पंप मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चहा घेणार?" ते म्हणाले.

"चाचा, आज गुरुवार आहे. माझ्याकडे तीन दिवस उरलेत."

"म्हणून विचारलं. घाईच्या माणसाला चहा आधी."

चाचा मूळचे मिरजेचे. पन्नास वर्षं त्यांनी सतारी घडवल्या. डोळे अधू झाले तसं दुकान पुतण्यावर सोपवून ते दंडोबाच्या डोंगरावर येऊ लागले आणि वाऱ्यावर बिनइंजिनाची छोटी, रिमोटवरची विमानं उडवू लागले. अधू डोळ्यांनी विमान दिसतं कसं, असं कुणी विचारलं की म्हणत, "लांबचं चांगलं दिसतं. जवळचंच दिसत नाही."

आम्ही तिघंचौघं त्यांच्याकडे शिकायचो. हर्डीकर सगळ्यांत नवे. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी चाचांच्या विमानात दोन चुका काढून दाखवल्या होत्या. चाचांनी दोन्ही कबूल केल्या, आणि तेच विमान पाऊण तास हवेत ठेवलं. मला तेव्हा हर्डीकरांचा राग आला होता. आता येत नाही.

त्यांचं ग्लायडर मात्र देखणं होतं. हलक्या बाल्सा लाकडाचं, वर पातळ पिवळा कागद ताणलेला. सांगाडा जुना होता. त्यात त्यांनी यंदा नवा रेडिओ बसवला होता, शेपटीची पाती हलवणाऱ्या दोन इवल्या मोटरी बसवल्या होत्या. प्रत्येक गोष्टीचं माप वहीत होतं.

चाचांनी विमान उचललं. पंखांखाली दोन बोटं टेकवून तोल पाहिला. नाक किंचित खाली झुकलं आणि स्थिर राहिलं.

"तोल बरोबर."

रिमोटची दांडी हलवली. शेपटीचं पातं डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, मधोमध येऊन थांबलं.

"हेही बरोबर. उडवा."

हर्डीकर कड्याशी गेले. समोरून वारा वर येत होता. त्यांनी विमान सरळ पुढे सोडलं. ते छान तरंगलं... जरा वर चढलं... आणि वळताना वेग कमी होताच त्याचा डावा पंख एकदम खाली गेला. हर्डीकरांनी उजवीकडे दांडी ओढली. त्यानं पंख सावरला तर नाहीच, विमान गिरकी खात उताराच्या गवतात जाऊन पडलं.

ते स्वतःच खाली उतरून घेऊन आले. साठी उलटलेला माणूस, धापा टाकत. शर्टाला कुसळं लागली होती.

"नऊ वेळा," ते म्हणाले. "महिन्यात नऊ वेळा. दरवेळी असंच."

चाचांनी त्यांच्या हातून विमान घेतलं, रबरं सोडवून पंख सुटा केला. शेजारी एक सपाट दगड होता, चाचांचं तेच टेबल. त्यावर त्यांनी पंखाचं टोक टेकवलं आणि मागच्या कडेखाली नख घालायला गेले.

नख शिरलं नाही.

मग त्यांनी आपला जुनाट, ठिगळं लावलेला पंख तसाच ठेवला. टोकाशी मागची कड जराशी उचललेली होती. नख अलगद आत गेलं.

"हा वाकडा आहे," हर्डीकर म्हणाले.

"पीळ दिलाय. वेग पडला की पंखाचा मधला भाग आधी दमतो. पीळ असला तर टोकं धरून ठेवतात. नसला तर टोकच आधी हात सोडतं."

हर्डीकर दोन्ही पंख आळीपाळीनं बघू लागले.

"तुमच्या पंखाला पीळ दिलाच नव्हता कधी?"

"...होता."

"मग?"

"मी काढला."

स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता. किटलीतलं पाणी अजून तापलं नव्हतं.

"हे विमान कुणाचं आहे, साहेब?"

"माझं," हर्डीकर म्हणाले. मग त्यांनी पिवळ्या कागदावरची धूळ पुसली. "केतकीचं. माझ्या मुलीचं. अकरा वर्षांची होती. शाळेत स्पर्धा होती."

"एकटीनं बांधलं?"

"एकटीनं. मला हात लावू देत नव्हती." ते जरासे हसले. "स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती शाळेत गेली असताना मी बघितलं. पंख वाकडा. म्हटलं, पोरगी लोकांसमोर हसं करून घेणार. किटलीच्या वाफेवर धरून सरळ केला. काचेवर दाबून वाळवला. तिला सांगितलंही नाही."

"आणि स्पर्धेत?"

"पडलं. असंच. डावा पंख खाली जाऊन."

"तुम्ही काय म्हणालात तिला?"

हर्डीकरांनी कुसळं वेचायला सुरुवात केली. एक काढलं, दुसरं काढलं.

"म्हणालो, तुझ्या हाताला सफाई नाही."

चाचांनी स्टोव्हला आणखी दोन पंप मारले.

"त्यानंतर तिनं काही बांधलं नाही. ना विमान, ना दुसरं काही. मी म्हणेन ते शिकली. मी म्हणेन तसं वागली, चोवीस वर्षांची होईपर्यंत. मग एक दिवस निघून गेली. लग्नाचं मला दुसऱ्याकडून कळलं." त्यांचा आवाज साहेबाचाच होता. "रविवारी येतेय. चार वर्षांनी. आपली ट्रंक न्यायला. फोनवर म्हणाली, तासभर थांबेन. मला वाटलं, हे नीट उडवून दाखवावं. आणि तिच्या हातात द्यावं."

"नीट करून."

"हो. एकही चूक न ठेवता."

चाचांनी पिवळा पंख पुन्हा हातात घेतला. सतारीच्या दांडीवरून फिरवावीत तशी बोटं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली.

"पीळ एकाच बाजूला होता की दोन्ही?"

"दोन्ही."

"कमीजास्त?"

"नाही." हर्डीकर आठवू लागले. "सारखाच होता. मला आठवतंय, सरळ करताना दोन्हीकडे तेवढाच वेळ..."



"साहेब, मी पन्नास वर्षं लाकूड घडवलं," चाचा म्हणाले. "चुकाही पुष्कळ केल्या. पण चूक कधी दोन्हीकडे सारखी झाली नाही."

हर्डीकर मटकन खाली बसले. त्या माणसाला जमिनीवर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"गच्चीवरून कागदाची विमानं सोडायची," ते म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे. "मे महिनाभर. टोकं जराशी वर दुमडायची. मी म्हणायचो, दुमडू नकोस, घडी सरळ ठेव... ती म्हणायची, बाबा, असंच जास्त वेळ राहतं. मी ऐकलंच नाही. मी इंजिनिअर होतो ना."

मला वाटलं, चाचांनी आता त्यांच्या पाठीवर हात ठेवावा. त्यांनी ठेवला नाही. मला ते तेव्हा जरा खटकलं.

किटलीतून वाफ येऊ लागली. हर्डीकरांचं तिकडे लक्ष गेलं. ते एकदम उठले. पंख उचलून त्यांनी टोक वाफेवर धरलं.

"चाचा, किती? किती पीळ देऊ? आज दिला तर उद्या वाळेल. शनिवारी उडवून बघता येईल. रविवारपर्यंत..."

"किती होता?"

"ते... मापलं नव्हतं. चूक कोण मापतं?"

"मग?"

"तुम्ही सांगा ना. तुमच्या पंखाला आहे तेवढा देतो."

"माझा पंख माझ्या विमानाचा आहे. हे मी बांधलेलं नाही."

"मीही नाही."

"तेच म्हणतोय."

वाफ पंखाच्या कागदाला लागत होती. पिवळा कागद हळूहळू सैल पडत होता. हर्डीकर दोन्ही हातांत टोक धरून उभे होते, पण पिळत नव्हते. एवढ्या मापांची वही त्या दगडावर उघडी पडली होती आणि वाऱ्यानं तिची पानं उलटत होती.

"आता ते फक्त तिलाच माहीत असणार," ते म्हणाले. "आणि तिला मी सांगायचं काय? एवढ्या वर्षांनी? की तुझं बरोबर होतं? तुझं बरोबर होतं, आणि पाडलं ते मी?"

चाचांनी दगडावरची वही मिटून ठेवली.

"ती तासभरच थांबणार आहे, चाचा."

चाचांनी त्यांच्या हातून पंख काढून घेतला. खांद्यावरचा पंचा त्याच्याभोवती गुंडाळला, सतार गिऱ्हाइकाच्या हवाली करताना गुंडाळत तसा, आणि तो हर्डीकरांच्या हातात दिला. मग वाकून त्यांनी स्टोव्ह विझवला. चहा राहिलाच.

"साहेब, पीळ द्यायला तिला तासभर पुरेल," ते म्हणाले. "तेव्हाची ती किटली अजून आहे का घरी?"