गवती कोंबडी आणि पाडलेला करंज

“मग आता सावली आणू कुठनं, बाबा?”

एवढं बोलून गेनू लव्हाळेनं हातातलं डालगं चिंचेखाली ठेवलं. गावाबाहेरच्या तकियात हसनशा फकीर वाकळ शिवत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

डालग्यात एकच कोंबडी. वाळल्या गवताच्या रंगाची. अशा कोंबड्यांना गावात गवती म्हणत. पाय सुतळीनं बांधलेले, चोच उघडी, धापा चाललेल्या.

“बाकीच्या?”

“गेल्या. सतराच्या सतरा. ह्या वैशाखात, एका दुपारी.”

हसनशानं दातानं दोरा तोडला.

गेनू दर गुरुवारी इथं यायचा. बाबाचं ऐकायचा आणि घरी जाऊन आपल्याच मनाचं करायचा. असल्या माणसाला कुणी चेला म्हणू नये. पण बाबा म्हणायचा.

संक्रांतीच्या आधी ह्यानं घरामागच्या परड्यातला करंज पाडला. घार त्याच्यावर बसायची आणि पिल्लं उचलायची. दोन पिल्लं गेली तसं ह्याचं डोकं फिरलं. कुऱ्हाड घेतली, दिवस मावळायच्या आत झाड आडवं. त्याच गुरुवारी छाती काढून इथं आला होता. “घारीची बैठकच मोडली, बाबा!”

बाबा तेव्हा म्हणाला होता, “चहा घे.”

गेनूला वाटलं होतं, म्हातारा थकला.

“पत्रा घातला होता की हो मी,” गेनू म्हणाला. “चार डांब रोवून. नवा कोरा पत्रा.”

“मग?”

“त्याच्याच खाली मेल्या. भाकरी भाजंल असा तापला होता. मी जेवून आडवा झालो होतो...”

एवढं त्यानं खाली बघून सांगितलं.

“घारीनं दोन नेली,” बाबा म्हणाला.

गेनूला ते झोंबलं. “तुमच्या चिंचेवर नाही का बसत घार?”

“बसते.”

“पिल्लू नेत नाही?”

“नेते.”

“मग?”

“मग काय... नेते.”

चिंचेखाली बाबाच्या कोंबड्या मातीत पोट टेकून निवांत पडल्या होत्या. गेनूनं त्यांच्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

“हौसा काय म्हणते?”

हौसा गेनूची बायको. लग्न होऊन आली तेव्हा माहेरची दोन गवती पिल्लं पदराखाली घेऊन आली होती. हा सगळा वेल त्यांचाच. करंजही तिनंच लावलेला. दुपारची ती त्याच्या बुडाशी धान्य निवडत बसायची, आणि कोंबड्या तिच्या पायाशी.

“काय म्हणणार? बोलत नाही.”

“कधीपासनं?”

“ह्या कोंबड्या मेल्या...” गेनू बोलता बोलता थांबला.

त्याला संक्रांत आठवली. हौसानं तिळगूळ हातावर ठेवला होता. पण ‘गोड बोला’ म्हणाली नव्हती. ह्यानं तोंडात टाकला होता आणि गेला होता बाहेर.

तेव्हा कोंबड्या जित्या होत्या. सगळ्या.

“आता ती बसते कुठं, दुपारची?” बाबानं विचारलं.

गेनूनं बघितलंच नव्हतं.

...

गेनूनं डालगं बाबापुढं सरकवलं. म्हणाला, “बाबा, ही एवढी एक तुमच्या चिंचेखाली राहू द्या. जगंल. तिच्या माहेरचा वेल तरी राहील. घरी जाऊन सांगायला तोंड राहील मला.”

हसनशानं वाकळ बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठला. डालगं उचललं, चिंचेच्या सावलीतनं बाहेर गेला आणि उघड्या मुरमावर कोंबडी सोडली. पाय बांधलेलेच. मग परत येऊन बसला आणि सुई हातात घेतली.

“अहो बाबा! मरंल ती!”

बाबा दोरा ओवत होता. डोळ्याला दिसत नव्हतं, दोनदा चुकला.

गेनू धावला. खाली वाकला.

“उचलू नको,” बाबा म्हणाला.

“मग काय करू?”

बाबानं दोऱ्याचं टोक ओलं केलं.

कोंबडी एका अंगावर कलंडली होती. गेनूला काही सुचेना. शेवटी तो उन्हाकडं पाठ करून तिच्या पुढ्यात उभा राहिला. सावली पडली. उन्हं नुकती कलली होती, त्यामुळं पडली ती वीतभरच.

कोंबडी पंख आपटत सरकली. आणखी सरकली. गेनूच्या पावलांवर येऊन तिनं पोट टेकलं. तिचं काळीज त्याच्या पायावर धडधडत होतं. इतक्या वर्षांत एक कोंबडी कधी ह्याच्या पायाशी बसली नव्हती.

हळूहळू तिची चोच मिटली.

गेनूची टाळू तापली. पाठीवरनं घाम निथळला. मुरूम अनवाणी पायाला पोळत होता, पण पाय हलवायची सोय राहिली नव्हती.

“बाबा...”

“हं.”

“किती वेळ उभा राहू?”

सुईत दोरा गेला. हसनशानं गाठ मारली.

“करंजानं कधी विचारलं नाही.”