तात्यांचा तरुण दंड

आईशप्पथ, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे मी काही डोळ्यांनी पाहिली नाही. पण ज्यानं सांगितली तो खोटं बोलत नाही. निदान सकाळी तरी नाही. सांगितली मात्र दुपारी.

तर कुरणवाडीत पुंजा नावाचा एक भोळा राहत होता. भोळा म्हणजे किती? सासू म्हणाली, "जावईबापू, घर आपलंच समजा," तर हा दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक घेऊन हजर.

घरात बायको सगुणा आणि म्हातारे वडील, तात्या. गेल्या थंडीत तात्यांना फ्लू झाला आणि ते जाता जाता राहिले. म्हणून यंदा गावात फ्लूच्या लशीचं शिबिर लागल्याबरोबर सगुणानं बजावलं, "तात्यांना लस टोचून आणा. म्हाताऱ्याला काही झालं ना, तर बघा!"

शिबिर शाळेत होतं. शेवंता सिस्टर रांगेला समजावत होत्या, "बायकांच्या अंगात लस जोरात लागू पडते. ताप येईल, दंड दुखेल, घाबरू नका. म्हाताऱ्यांच्या अंगात कमी लागू पडते."

"हात्तिच्या!" पुंजा म्हणाला. "मग म्हाताऱ्यात कशाला वाया घालवायची?"

तात्यांना घरी आणून सोडलं आणि सगुणाला घेऊन गेला. तिला वाटलं, तात्यांचं झालं, आता आपलं. तिनं टोचून घेतली. संध्याकाळी अंग तापानं फणफणलं. पुंजा नाचतच तात्यांकडे.

"तात्या, तुमची लस लागू पडली! सगुणाला ताप आलाय."

"मला तर काहीच होत नाही रे."

"तुम्हाला कसं होईल? तुमच्या वाटचं तिला झालंय."

"गुणाची सून हो," तात्या म्हणाले.

सकाळी पुंजानं सिस्टरकडून तापाची गोळी आणली. आता लस कुणाची? तात्यांची. मग गोळी कुणाची? तात्यांनी मुकाट्यानं गिळली. सगुणाला हे कळलं, तशी ती तापातच उठली आणि उलथनं घेऊन मागे लागली. पुंजा पळत पळत थेट शाळेत.

सिस्टरनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, ज्याची लस त्याच्याच दंडात टोचायची! आणि ज्याचं अंग तापलं त्याला गोळी द्यायची, कपाळावर पट्ट्या ठेवायच्या!"

"हात्तिच्या! पण तात्यांना लागू पडत नाही ना?"

"कमी पडते, पण पडते! फ्लूनं म्हातारीच माणसं जास्त आजारी पडतात, म्हणून तर त्यांना आधी. तरुणपणी जास्त चांगली लागू पडते, पण आता तरुणपण कुठून आणणार? आज शेवटचा दिवस आहे. जा, घेऊन ये त्यांना."

पुंजा वाटेनं विचार करत निघाला. दंड तात्यांचाच पाहिजे. तरुण पाहिजे. आणि बाईचा असेल तर सोन्याहून पिवळं.

घरात पाऊल टाकलं आणि समोर भिंतीवर दिसलंच. तात्या तरुणपणी जत्रेतल्या नाटकात बाईचं काम करायचे. नऊवारी, नाकात नथ, दंडात वाकी, असा त्यांचा झोकदार फोटो. पुंजानं तो उतरवला. काच काढली. नाहीतर सुई शिरणार कशी? फोटोला सोबत म्हणून तात्याही निघाले.

"घ्या सिस्टर! तात्याच आहेत, तरुण आहेत, आणि बाईही आहेत!"

सिस्टरनी फोटोकडे पाहिलं. तात्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. फोटो घट्ट धर आणि डोळे मीट." पुंजानं डोळे मिटले. त्यांनी तात्यांची बाही वर केली आणि टोचून मोकळ्या झाल्या.

"अगं आई गं!" तात्या ओरडले. "पुंजा, सुई फोटोला, आणि कळ माझ्या दंडात!"

"येणारच. दंड तुमचाच आहे."

परत येताना टळटळीत ऊन होतं. घरी पोचल्यावर पुंजानं फोटोला हात लावला, तर चटका! ताप! बाईच्या वेशात टोचलेली, ताप यायचाच. गोळी द्यायला गेला, पण फोटो तोंड उघडेना. मग त्यानं कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायला घेतल्या. सुकली की दुसरी, सुकली की तिसरी. फोटो जुना. एका पट्टीबरोबर कपाळ निघून आलं. दुसरीबरोबर नाक, नथीसकट. तिसरीनं तात्या साफ.

पुंजानं हंबरडा फोडला, "तात्या गेले हो!"

गाव गोळा झालं. बायकांनी सूर लावला. कुणी बांबू आणायला पळालं. गलका ऐकून तात्या परसातून आत आले.

"काय रे, कोण गेलं?"

"तुम्ही, तात्या!"

तात्यांना धक्काच बसला. पुंजाच्या गळ्यात पडून ते पोटभर रडले. मग उपरण्यानं डोळे पुसले आणि हळूच विचारलं,

"खांदा द्यायला मी पुढे राहू, का मागे?"

हसलात ना? मग काढा मूठभर शेंगदाणे, वर गुळाचा खडा. आणि खरेखुरे काढा. फोटो दाखवलेला चालणार नाही.