प्रधानजींचं टक्कल

सोनवळच्या दरबारात एकदा गर्गशास्त्री नावाचे पंडित आले. त्यांनी रेशमी चौरस रुमाल चार तऱ्हांनी दुमडून दाखवला. दर वेळी दोन्ही भाग तंतोतंत जुळले.

"चौरसाला सममितीच्या चार रेषा!" ते गरजले. "याहून जास्त रेषांची आकृती आत्ताच्या आत्ता दाखवा, नाहीतर हार मानून दरबाऱ्यांनी माझी पालखी गावभर वाहावी."

राजाचा चेहरा उतरला. तेवढ्यात म्हातारे प्रधान रखमाजीराव उठले, त्यांनी पगडी काढली आणि मान खाली घालून आपलं गोल गरगरीत टक्कल पंडितांसमोर धरलं.

"शास्त्रीबुवा, मध्यातून हवी तशी रेघ ओढा. दोन्ही अर्धी सारखीच निघतील. दोन्हीकडे वर केस नाहीत आणि आत अक्कल नाही."

दरबार खो खो हसला. पंडित चिडून म्हणाले, "पण अशा रेषा किती, ते सांगा!"

"मला कुठलं एवढं मोजता येतंय?" प्रधानजी मान न उचलता म्हणाले. "आपणच मोजा. मोजून संपल्या की सांगा, पालखीला पहिला खांदा माझा."

गोलाच्या रेषा कधीच संपत नाहीत, हे पंडितांना पक्कं ठाऊक होतं. ते ओशाळून हसले आणि त्यांनी भर दरबारात त्या टकलाला हात जोडले.